वाघाची वाट कोणत्या रकान्यात?

आमच्या शेताच्या पूर्वेला एक नाला आहे. त्याला नाव नाही, गावात नुसतं 'नाला' म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या कुठल्याही गावात असतो तसाच. पावसाळ्यात कमरेइतका, दिवाळीनंतर डबक्याडबक्यांत, मार्च लागला की नुसती रेती. काठाने पळस, करंज, थोडी येनाची झाडं आणि माजलेली बेशरम. या नाल्याच्या वरच्या टोकाला जंगल आहे आणि खालच्या टोकालाही जंगल आहे. मधले दीड-दोन किलोमीटर सगळ्या धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत सकाळी सकाळी बांधीच्या चिखलात पंजे उमटलेले दिसतात. नाल्यातून वर येऊन धुरा ओलांडलेला, पुन्हा नाल्यात उतरलेला. धुऱ्यावर लावलेली तूरसुद्धा मोडलेली नसते. माझे आजोबा पंजा बघून "गेला गा" एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. आला असं कधी म्हणाले नाहीत.

चार वर्षांपूर्वी नाल्यापलीकडची तीन एकर जमीन नागपूरच्या एका पार्टीने घेतली. विकणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि सोसायटीचं कर्ज थकलेलं. पार्टीने महिनाभरात सिमेंटचे खांब रोवले, सात फुटी जाळी ताणली, वरून काटेरी तार, आणि कंपाउंड थेट नाल्याच्या पात्राला नेऊन भिडवलं. कोपऱ्यावर मोठा दिवा, रात्रभर जळणारा. मालक वर्षातून दोनदा येतात. त्या हिवाळ्यात पंजे आमच्या बांधीत दिसले नाहीत. ते दिसले शाळेच्या मागच्या पांदणीत. मग दोन बकऱ्या गेल्या, मग एकाच्या गोठ्यातली दुभती गाय. गाव चिडलं, वनरक्षकाला घेराव झाला, पिंजरा आला, वर्तमानपत्रात 'वाघ गावात शिरला' असं छापून आलं. जाळीचं नाव कोणी घेतलं नाही.

जाळीमुळेच हे झालं असं मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही. वाघाला शंभर कारणं असतात. पण पन्नास वर्षं ज्या वाटेने तो मुकाट्याने जात होता ती वाट बंद झाली आणि त्याच हिवाळ्यात तो शाळेमागून जायला लागला, एवढं आमच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. आणि मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. त्या कंपाउंडमध्ये बेकायदेशीर असं काहीही नव्हतं. खरेदीखत बरोबर, फेरफार बरोबर, सातबारा बरोबर. जमीन वनखात्याची नाही, व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये नाही. विचारायचं कोणाला आणि कोणत्या कायद्याने?

महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते. २०१८ मध्ये ३१२ झाले, २०२२ मध्ये ४४४. यातले बहुतेक सगळे विदर्भातले. वाघ वाढले पण त्यांचं घर तेवढंच राहिलं. बोर हा व्याघ्र प्रकल्प तर जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी. एका मोठ्या नराला मनासारखा इलाका मिळाला तर तेवढ्यात दोन-तीन नर कसेबसे बसतील. पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की त्याला आईचा इलाका सोडावा लागतो, नराला तर सोडावाच लागतो, नाहीतर मोठा नर त्याला मारतो. तो निघतो. कुठे जायचं हे त्याला माहीत नसतं, फक्त इथे राहायचं नाही एवढं माहीत असतं. आमच्या बांधीतून गेलेले पंजे बहुतेक अशाच घर सोडून निघालेल्या पोरांचे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक वाघ २०१९ च्या जूनमध्ये असाच निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा पाऊल न् पाऊल रस्ता कळला. तेलंगणातल्या आदिलाबादकडून फिरत फिरत डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा १३०० किलोमीटर चालून झालं होतं. पुढे लोकांनी त्याचं नावच 'वॉकर' ठेवलं. या १३०० किलोमीटरमध्ये जंगल किती होतं? फार थोडं. बाकी सगळं कास्तकारांचं शेत, नाले, झुडपी, रस्ते. दिवसा नाल्यात किंवा झुडपात पडून राहायचं आणि रात्री चालायचं. ज्याला आपण कॉरिडॉर म्हणतो ती गोष्ट हीच आहे. शहरातल्या माणसाच्या डोक्यात कॉरिडॉर म्हटलं की दोन जंगलांना जोडणारा घनदाट हिरवा पट्टा येतो. प्रत्यक्षात तो पऱ्हाटीतून, तुरीतून, तणसाच्या ढिगामागून, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून जातो. त्याचा सातबारा कोणाच्या तरी नावावर असतो.

कायद्याने कॉरिडॉरकडे पाठ फिरवली आहे असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३८-ओ आलं. एका प्रकल्पाला दुसऱ्या प्रकल्पाशी किंवा अभयारण्याशी जोडणाऱ्या जमिनी घातक वापराकडे वळवू नयेत, वळवायच्या तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागेल, असं ते सांगतं. २०१४ मध्ये व्याघ्र प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने देशातले ३२ मोठे कॉरिडॉर नकाशावर मांडले. चांगलं काम आहे. पण तो नकाशा बघा. ताडोबा ते नवेगाव-नागझिरा असा एक हिरवा पट्टा काढलेला आहे, त्यात शेकडो गावं येतात. त्यात आमचा नाला दिसत नाही, गट नंबर दिसत नाही. एवढा रुंद पट्टा खाणीच्या किंवा धरणाच्या फायलीवर उपयोगी पडतो, वकील तो दाखवून भांडू शकतात. तीन एकरांच्या कंपाउंडवर त्याचा काही उपयोग नाही. आणि विदर्भातले कॉरिडॉर आज एखाद्या मोठ्या खाणीने जेवढे तुटत असतील तेवढेच अशा तीन-तीन एकरांनी तुटत आहेत. इथे एक फार्महाऊस, तिथे एक ले-आऊट, पुढे एक गोदाम, धाबा, गिट्टीचं क्रशर. प्रत्येक परवानगी आपल्या जागी बरोबर, आणि दहा वर्षांनी बघावं तर वाट गायब.

जमिनीचा वापर कसा बदलतो ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आधी रस्त्यालगतची जमीन विकली जाते. मग प्लॉट पडतात. अकृषक परवानगीची कटकट गेल्या दहा वर्षांत सरकारने टप्प्याटप्प्याने कमी केली आहे. गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला तर राहण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागू नये अशी सोय महसूल कायद्यात झाली. त्यामागचा हेतू वाईट नाही, तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला विचारा. प्रादेशिक योजनेत जमीन शेती विभागात दाखवली आहे म्हणून आपण निश्चिंत राहावं तर तसंही नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागात काय काय चालतं ती यादी वाचावी. रिसॉर्ट, पेट्रोल पंप, गोदाम, वीटभट्टी, असं बरंच काही अटी पाळून चालतं. म्हणजे हिरवा रंग नकाशावर आणि जमिनीवर काहीही. या सगळ्या साखळीत रस्त्याची रुंदी विचारली जाते, सांडपाणी विचारलं जातं, अग्निशमन विचारलं जातं. या जमिनीतून कोणतं जनावर जातं हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो प्रश्न फॉर्मवर आला पाहिजे, आणि त्याचं उत्तर गट नंबरनिशी गावाच्या दप्तरात लिहिलेलं असलं पाहिजे. कॉरिडॉर वाचवायचे तर ते वनखात्याच्या कपाटातून काढून पटवाऱ्याच्या दप्तरात आणावे लागतील.

झोनिंग हा शब्द ऐकला की आमच्याकडे लोक बिचकतात. शहराची भानगड वाटते. पण विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. आमच्या गावांचं जुनं निस्तार पत्रक आहे. गावातली पडीक जमीन कशासाठी वापरायची ते त्यात लिहिलेलं असतं. गुरं कुठे चरतील, जळतन कुठून आणायचं, मुरूम-माती कुठून काढायची, प्रेतं कुठे जाळायची, गाई बसायला कुठे, खळं कुठे, बाजार कुठे. हे झोनिंग नाही तर काय आहे? १९६६ च्या जमीन महसूल संहितेत या निस्तार हक्कांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते फक्त विदर्भाला लागू आहे. त्यात असंही म्हटलंय की निस्तार पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा विचारायची, आणि पुढे ग्रामपंचायतीने मागणी केली तर जिल्हाधिकारी त्यातली नोंद बदलू शकतात.

याच्या जोडीला आहे वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी, पण दप्तर अगदी देशी. खाजगी जमिनीतून आणि पाण्यातून लोकांची जी वहिवाट चालत आली आहे ती यात नोंदवतात. पाण्याचा हक्क, मासोळीचा हक्क, जाण्यायेण्याची वाट. म्हणजे माझ्या शेतातून शेजाऱ्याच्या बैलबंडीची वाट पिढ्यानपिढ्या चालत आली असेल तर ती तिथे लिहिली जाते, आणि मग मी मालक असलो तरी तिथे भिंत घालू शकत नाही. कोणत्याही कास्तकाराला हे अन्याय वाटत नाही. जमीन माझी, पण वाट गावाची, हे त्याच्या रक्तात आहे. पांदणीवरून खून होतात आमच्याकडे, पण पांदण असूच नये असं कोणी म्हणत नाही.

वाघाला कायद्यात वहिवाटीचा हक्क नाही, हे मला कळतं. तो अर्ज करणार नाही आणि तारखेला हजर राहणार नाही. पण गावाला तर हक्क आहे. वाघ शाळेमागून न जाता नाल्यातून जावा यात गावाचं हित आहे, आणि त्या हितासाठी नाल्याच्या दोन्ही काठांना इतके-इतके मीटर मोकळे राहतील अशी नोंद करून घेणं हे गावाचं काम आहे. पडीक जमीन, नाला, बोडीची पाळ, झुडपी हे निस्तार पत्रकात येईल. खाजगी जमिनीसाठी मात्र निस्तार पत्रक पुरणार नाही. तिथे प्रादेशिक योजना लागेल. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेत कायकाय असावं ते सांगताना जंगल आणि वन्यजीव यांचं जतन हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. तेव्हा वन्यजीव कायदासुद्धा झाला नव्हता, तो १९७२ चा. जवळपास साठ वर्षं तो शब्द तिथे पडून आहे.

आता माझ्याच गावातल्या लोकांचा आक्षेप. ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा मागे बसलेले एक काकाजी उठले आणि म्हणाले, "मास्तर, जमीन माही, कर्ज माह्या डोक्यावर, अन् वाट वाघाची? उद्या पोराले इकाची पडली तर घेईल कोन?" सगळे हसले, मीही हसलो, पण उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. काकाजींची भीती खोटी नाही. झुडपी जंगलाचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. नावात जंगल, जमिनीवर बोरी-बाभळी, गुरांची चराई, कित्येक ठिकाणी शाळा, घरं, स्मशान. महसूल म्हणतो आमची, वन म्हणतं आमची, आणि त्या भांडणात पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली ८६ हजारांवर हेक्टर जमीन पिढ्यानपिढ्या लटकली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जंगलच आहे असं ठरवलं आणि जुन्या वापरांना वाट काढून दिली. तो निकाल वन्यजीवांसाठी मोलाचा आहे, कारण हे झुडपीचे विखुरलेले तुकडेच वाघाला दिवसा लपायला कामी येतात. पण कास्तकाराच्या मनात त्यातून एकच गोष्ट राहिली. सरकारने कागदावर एक शब्द लिहिला की तीन पिढ्या निस्तरत बसायचं.

म्हणून मी म्हणतो पट्टा अरुंद असावा आणि बंदी थोडी असावी. ताडोबाचं पर्यावरण-संवेदी क्षेत्र १३०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या मोठ्या वर्तुळात गाव पडलं की गावाला वाटतं आपलं सगळंच गेलं, मग सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे विरोधात उभे राहतात, आणि त्या क्षेत्राचा दोन वर्षांत करायचा आराखडा रेंगाळतो. त्यापेक्षा नाला धरून दोन्हीकडे शंभर-शंभर मीटर घ्या. जिथे शंभर परवडत नाही तिथे पन्नास घ्या, पण गट नंबर लिहा, मोजणी करा, दगड रोवा. त्या पट्ट्यात धान करा, तूर करा, लाखोळी करा, बोडी खोदा, गोठा ठेवा, काही बंदी नाही. बंदी फक्त चार-पाच गोष्टींना. नाला अडवणारं पक्कं कंपाउंड, ले-आऊट, क्रशर आणि खाण, रात्रभर जळणारे मोठे दिवे, आणि तारेत सोडलेला करंट. शेवटची गोष्ट तर आजही गुन्हाच आहे, पण रानडुकरांनी उभं पीक एका रात्रीत लोळवलं की माणूस गुन्ह्याचा विचार करत नाही. रोही आणि डुकरं यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय कास्तकार वाघाच्या वाटेबद्दल ऐकून घेईल अशी अपेक्षाच करू नये. सौर कुंपण द्यायचं तर ते पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने द्या, म्हणजे पीकही वाचेल आणि वाटही मोकळी राहील. आज अनुदानाचं कुंपण ज्याच्या नावावर मंजूर होतं त्याच्या शेताभोवती फिरतं, नाला मध्ये आला तर नाल्यासकट.

आणि पैसे. काकाजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर पैशातच आहे. ज्या जमिनीवर प्लॉट पडू शकत नाही तिची किंमत कमी होते, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. गावाच्या आणि देशाच्या भल्यासाठी एका माणसाची किंमत कमी होत असेल तर बाकीच्यांनी ती भरून द्यावी. दरवर्षी, दर हेक्टरी, थेट खात्यात, मोसम लागण्याआधी. पैसा नाही असं कोणी सांगू नये. ताडोबाच्या गेटवर जिप्सीची रांग बघा. जंगल तोडून प्रकल्प करणाऱ्यांकडून वनीकरणाच्या नावाने जी रक्कम घेतली जाते ती बघा. ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा गेटांच्या बाजूला जेवढे रिसॉर्ट उभे आहेत ते वाघाच्या नावावर जगतात, आणि त्यातल्या काहींच्या भिंती त्याच वाघाच्या वाटेत आहेत. त्यांच्याकडून दर खोलीमागे काही घेऊन तो पैसा गेटजवळच्या गावांपुरता न ठेवता वीस-तीस किलोमीटर दूरच्या नाल्याकाठच्या कास्तकाराला दिला तर बिघडलं कुठे? मुंबईत १९९१ पासून हस्तांतरणीय विकास हक्क चालतात. आरक्षणात गेलेल्या जमिनीचा मालक तिथला चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे विकतो. नागभीडच्या कास्तकाराचा तसा हक्क नागपूरच्या बिल्डरला विकता आला तर? तज्ज्ञ याला शंभर खोट काढतील. काढू दे. मुंबईत सुरू झालं तेव्हाही काढल्या असतील.

मेंढा आणि पाचगाव इथे आठवतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरचा, देशात पहिल्या काही गावांपैकी. त्यांनी सगळ्यांच्या सहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही हा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला, आणि पुढे ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीसुद्धा ग्रामसभेकडे देण्याचं ठरवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर जंगलाचा एक भाग कोणी हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला, आणि तेंदूपानाचा हमखास पैसा सोडला, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आग लावली जाते. कोणत्याही अधिकाऱ्याने त्यांना हे सांगितलं नव्हतं. गावाच्या हातात खरा अधिकार असला की गाव स्वतःवर बंधन घालून घेतं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

पण ग्रामसभेचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. आमच्या ग्रामसभेला कोरम भरायला चहा-पोहे लागतात. कित्येक गावांत प्लॉटच्या धंद्यात सरपंचाचाच मेहुणा असतो. म्हणून दोन कुलुपं हवीत. पट्टा कोणता, किती रुंद, कोणत्या गटातून, हे ग्रामसभेने ठरवावं, कारण वाघ कुठून जातो ते ढोरक्याला जेवढं माहीत असतं तेवढं कोणालाच नसतं. पण एकदा ठरलं की ते प्रादेशिक योजनेत चढावं, म्हणजे पुढच्या सरपंचाला एका ठरावाने ते खोडता येणार नाही. शेजारच्या गावाने आपला तुकडा सोडला तर आपल्या तुकड्याला किंमत राहत नाही, त्यामुळे नाल्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जी पाच-सात गावं लागतात त्यांना एकत्र व्हावं लागेल. हे अवघड आहे. पण वैनगंगेच्या खोऱ्यातली, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी वाटून घेणारी गावं हे काम पूर्वीपासून करत आली आहेत. कोणाच्या बांधीत आधी पाणी जाणार हे ठरवण्यापेक्षा वाघाची वाट ठरवणं सोपंच म्हणायचं.

वन्यजीवप्रेमी मित्रांशीही माझं थोडं भांडण आहे. त्यांना कॉरिडॉर हवा असतो पण त्यात माणूस दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आमच्या शेजारचाच तालुका. माणूस गेला तर सरकार २५ लाख रुपये देतं, आणि गाव पुन्हा दुसऱ्या दिवशी जंगलात जातं कारण तेंदूचा हंगाम पंधरा दिवसांचा असतो. त्या आठवड्यात मी कॉरिडॉरवर एक शब्द बोललो नाही, बोलायची हिंमतही नव्हती. वाट राखली म्हणजे वाघ वाढतील आणि आमची माणसं मरतील, असं कोणी म्हटलं तर त्याला मूर्ख म्हणू नये. मी त्याला एवढंच सांगतो की वाघ तसाही येणार आहे. प्रकल्पात जागा नाही म्हणून तो बाहेर पडणारच. वाट बंद असली तर तो एकाच जागी अडकून पडतो, गावाच्या कडेच्या झुडपात राहतो, डुकरं आणि वासरं खातो, आणि एक दिवस वाकून काम करणाऱ्या बाईला जनावर समजतो. जाणारा वाघ कमी धोक्याचा असतो, अडकलेला जास्त. म्हणून पट्टा ठरवताना मोहफूल वेचायच्या जागा, बायकांच्या जाण्याच्या वेळा, शौचाला जायच्या वाटा हेसुद्धा त्याच नकाशावर यायला हवं. तो नकाशा नुसता वाघाचा असेल तर गाव तो फाडून टाकेल आणि बरोबर करेल.

सरकारला मात्र माझं एक सांगणं आहे, आणि ते जरा कडक आहे. कास्तकाराच्या तीन एकरावर बंधन घालण्याआधी स्वतःवर घाला. आमच्या भागात वाट सगळ्यात जास्त कोणी तोडली? सरकारी कामांनी. गोसीखुर्दचे कालवे घ्या. सिमेंटचं अस्तर, उभा उतार, आत पडलेलं चितळ वर येऊ शकत नाही. चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर २०१८ मध्ये जुनोण्याजवळ वाघाची तीन पिल्लं एकाच वेळी कापली गेली. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद करून रुंदीकरण सुरू झालं. ती छोटी गाडी इतकी हळू चालायची की माणूस उतरून लघवी करून पुन्हा चढायचा, तिच्यापासून कोणत्याच वाघाला भीती नव्हती. नवी गाडी तशी असणार नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या पट्ट्यात रूळ उंचावरून न्या अशी मागणी तेव्हापासून होत आली.

पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मात्र चांगलं काम झालं. न्यायालयात भांडून का होईना, रस्त्याखालून जनावरांना जायला नऊ जागा ठेवल्या, त्यातली सगळ्यात लांब साडेसातशे मीटरची. कॅमेऱ्यांत वाघ, बिबट, रानकुत्रे, चितळ सगळे त्याखालून जाताना दिसले. बाहेरच्या देशांतून लोक बघायला येतात. पण मला तिथे गेल्यावर दुसराच प्रश्न पडतो. अशा पुलाच्या तोंडाशी जर खाजगी शेत असेल, आणि उद्या त्या शेतात धाबा किंवा ट्रकचा वाहनतळ झाला, तर? कोट्यवधींचा पूल जागेवर राहील आणि त्याच्यापुढे ट्यूबलाइट लागलेली असेल. पूल बांधणारं खातं वेगळं, धाब्याला परवानगी देणारं वेगळं. रस्त्यासाठी जमीन घेताना पुलाच्या दोन्ही तोंडांशी पाचशे मीटरचा जमीनवापर कायमचा बांधून ठेवायचा, हा नियम प्रकल्पाच्या मंजुरीतच असायला हवा. त्याला नवा कायदा लागत नाही.

उशीर झाला की काय होतं ते तामिळनाडूत दिसलं. निलगिरीत मुदुमलाईला लागून सिगूरचं पठार आहे, हत्तींची जुनी वाट. तिथे वर्षानुवर्षं रिसॉर्ट उभे राहत गेले. २०१० मध्ये सरकारने हत्तींचा कॉरिडॉर जाहीर केला, लोक कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये तो कायम केला. दहा वर्षं भांडणात गेली, रिसॉर्ट सील करावे लागले, मालकांचं नुकसान झालं, तिथे काम करणाऱ्या गरिबांचा रोजगार बुडाला. निकाल बरोबर होता. पण बांधकामाआधी कोणीतरी नकाशावर एक रेघ मारून ठेवली असती तर यातलं काहीच झालं नसतं. विदर्भात ती रेघ मारायला अजून वेळ आहे, आमच्या नाल्यावर तर नक्कीच आहे. फार वर्षं राहील असं मात्र वाटत नाही. समृद्धीने नागपूरहून निघालेला पैसा आता सगळीकडे जमीन बघत फिरतो आहे.

गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेने दुसऱ्या खेपेला ठराव घेतला. पहिल्या खेपेला पडला होता. यावेळी काकाजींनीच सुचवलं की आधी गावाची पडीक, बोडीची पाळ आणि नाल्याचं पात्र एवढंच लिहा, कास्तकाराच्या जमिनीचं पैशाचं ठरल्यावर बघू. मला ते कमी वाटलं, पण हात वर झाले. ठराव घेऊन मी आणि उपसरपंच तालुक्याच्या कार्यालयात गेलो. निस्तार पत्रकात नोंद करायची आहे म्हटल्यावर आधी कोणाला ते कुठे ठेवलंय हेच सापडेना. दोन तासांनी एका लोखंडी पेटीतून ते निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर सुरेख. कारकून तरुण होता, चांगला होता. त्याने पान उलटून पाहिलं. चराई, जळतन, स्मशान, खळवाडी, गाई बसण्याची जागा. मग पेन हातात धरून त्याने विचारलं, "सर, हे कोणत्या रकान्यात लिहू?"

उपसरपंच माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, गाई बसण्याच्या जागेखाली एक ओळ रिकामी आहे, तिथे लिहा. त्याने लिहिलं नाही. साहेबांना विचारून कळवतो म्हणाला. त्याला आता सात महिने झाले.